जुनी एटीव्ही घेताना: कोलंबस, ओहायोच्या नोंदी

शनिवार, १० फेब्रुवारी २०२४

ठरलं. यंदा एटीव्ही, म्हणजे जंगलातल्या कच्च्या वाटांवर चालवायची हँडलवाली चारचाकी, घ्यायचीच. जुनी घ्यायची आणि सगळं मिळून चार हजार डॉलरच्या आत बसवायचं. यातलं 'सगळं मिळून' महत्त्वाचं. हेल्मेट, बूट, हातमोजे, विक्रीकर, पहिली सर्व्हिस, भाड्याचा ट्रेलर हे सगळं त्यातच आलं. म्हणजे नुसत्या गाडीला तीन हजार, फार ताणलं तर सव्वातीन.

ऑफिसातला एक सहकारी ओहायोतल्याच अथेन्सकडचा आहे, जंगलातल्या वाटांवर लहानपणापासून चालवणारा. मी त्याला कुठली कंपनी, किती सीसी असं विचारायला गेलो, तर त्याने उलट विचारलं, "चालवणार कुठे?" या एका प्रश्नात निम्मी यादी कापली गेली. आमच्यापासून गाडीने दीड तासाच्या आत वेन नॅशनल फॉरेस्टची मंडे क्रीक ट्रेल आहे, आणखी दक्षिणेला आयर्नटनजवळ हँगिंग रॉक. दोन्हीकडे ५० इंचांपेक्षा रुंद वाहन चालत नाही. त्यामुळे शेजारी शेजारी बसायची, स्टिअरिंगवाली साइड-बाय-साइड जवळपास बाद. वाळूच्या टेकड्यांवर उडवायला बनवलेल्या स्पोर्ट गाड्याही बाद, कारण त्यांना फोर-व्हील, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ओढ, नसतं आणि इथे सगळी चिकण माती, मुळं, दगड आणि सतत चढ-उतार. राहिली ती साधी युटिलिटी एटीव्ही, पुढे-मागे लोखंडी कॅरिअर असलेली, शेतावर दिसते ती.

ट्रेल १५ एप्रिलला उघडतात आणि १५ डिसेंबरला बंद होतात. सहकाऱ्याचं म्हणणं, घ्यायची तर आत्ताच बघ, ट्रेल उघडायच्या तोंडावर सगळे जागे होतात आणि भाव चढतात.

बुधवार, १४ फेब्रुवारी

पिट्सबर्गच्या मित्राचा फोन. मूळ नागपूरचा, बोलणं अजून तसंच. "अबे ८५० घे ना बे, चारशे सीसीत काय ठेवलंय, सहा महिन्यांत बदलायची इच्छा होईल." त्याने स्वतः अजून एकही चालवलेली नाही, हे नोंदवून ठेवतो.

सीसीचा हिशोब आपल्या डोक्यात मोटारसायकलचा असतो. तिथे ३५० ची बुलेट म्हणजे भारदस्त गाडी. इथे ४२० सीसीची एटीव्ही मधली-धाकटी समजली जाते, पण जंगलात ताशी दहा-पंधरा मैलांवर जायचं असतं आणि तेवढ्याला ती पुरून उरते. मोठ्या इंजिनाबरोबर वजन येतं. अडीचशे किलोची गाडी ओढ्यात अडकली तर दोघं मिळून बाहेर काढतील, साडेतीनशेची काढायला विंच (तार गुंडाळून ओढायचं यंत्र) लागेल. शिवाय थ्रॉटल अंगठ्याने दाबायचा असतो. खड्ड्यात गचका बसला की नवशिक्याचा अंगठा आपोआप दाबला जातो. त्या क्षणी हाताखाली ८५० नसलेलीच बरी.

यादी अशी झाली: होंडा रँचर ४२०, यामाहाची ग्रिझली ४५० किंवा कोडिअॅक, सुझुकी किंगक्वाड ४००, पोलारिस स्पोर्ट्समन ५००. चारही चांगल्या, खरा फरक गिअरबॉक्समध्ये. शेवटच्या तिघींत सहसा पट्टा असतो, स्कूटरसारखा सीव्हीटी. अंगठा दाबा आणि निघा. पट्ट्यात पाणी गेलं की तो घसरतो, आणि हळू पण जोर देणाऱ्या खालच्या रेंजऐवजी वेगाच्या वरच्या रेंजमध्ये चढ रेटत राहिलं की जळतो. रँचरला खरे गिअर आहेत, पुढचे पाच आणि एक रिव्हर्स. क्लच आपोआप, गिअर पायाने. मोटारसायकल चालवलेल्या माणसाला परकं काही नाही, आणि तीव्र उतारावर पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं.

रँचरमध्येही पायाने गिअर टाकायची एफएम आणि बटणाने टाकायची एफई असे प्रकार आहेत. बटण सोयीचं, पण त्यामागे एक मोटर, एक सेन्सर आणि वायरिंग आलं. दहा-बारा वर्षं चिखलात भिजलेल्या गाडीत मला जितकी कमी वायर तितकं बरं. म्हणून एफएम. २००७ पासून पुढची घ्यायची. त्याच वर्षी रँचर ४२० आली आणि कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. गाडी वर्षातले चार महिने थंडीत उभी राहणार, तेव्हा कार्ब साफ करत बसायची हौस नाही.

शनिवार, २४ फेब्रुवारी

जाहिराती वाचायचा नाद लागलाय. हळूहळू भाषा कळायला लागली. "फक्त बॅटरी टाकायची आहे" याचा अर्थ बॅटरी टाकून बघितलेली आहे आणि चालू झालेली नाही. "उभी केली तेव्हा चालत होती" यात उभी कधी केली ते नसतं. सगळे फोटो एकाच बाजूने असतील तर दुसऱ्या बाजूचा फोटो मागायचा. आणि हिरवळीवर नुकतीच धुतलेली, प्लॅस्टिकला तकाकी आणणारा स्प्रे मारलेली गाडी दिसली की मला आता तिच्यावर आधी संशय येतो. शेतकरी गाडी विकताना धूत नाही.

हँडलपाशी उभ्या काळ्या नळ्या दिसल्या तर पुढे बघायचंच नाही. तो स्नॉर्कल. इंजिनाची हवा उंचावरून घ्यायची सोय, म्हणजे ती गाडी सीटपर्यंत पाण्यात घातलेली आहे. सोबत मोठे खोल नक्षीचे टायर आणि उंची वाढवायचा किट असेल तर चिखलात लोळलेलीच. मालक मात्र ते सगळं 'एक्स्ट्रा' म्हणून किमतीत लावतो.

आज एक तीनचाकीही दिसली, आठशे डॉलर. एटीव्हीचा जन्मच मुळी तीन चाकांवर झाला. होंडाने १९७० मध्ये फुगीर टायरची तीनचाकी अमेरिकेत आणली. पुढे ऐंशीच्या दशकात उलटून इतकी माणसं जखमी झाली, दगावली, की १९८८ मध्ये सरकार आणि कंपन्यांत न्यायालयामार्फत करार होऊन नव्या तीनचाकींची विक्री थांबली. जमवणारे हौसेने घेतात. शिकाऊ माणसाने लांबूनच बघावी.

शनिवार, २ मार्च

पहिली गाडी बघितली. पट्ट्याची ५००, मागणी ३,४००. फोनवर सांगितलं होतं की मी येईपर्यंत सुरू करू नका. पोचलो तेव्हा गाडी अंगणात, चकचकीत. सायलेन्सरजवळ हात नेला तर गरम. "ट्रकमधून उतरवायला सुरू केली" म्हणाला. असेलही. पण थंड इंजिन सुरू होताना जे सांगतं ते गरम झाल्यावर सांगत नाही. पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांचा निळा धूर, व्हॉल्व्हची खडखड, स्टार्टर किती वेळ फिरवावा लागतो, यातलं बरंच काही पाच मिनिटांत लपून जातं.

मीटरवर १,१५० मैल आणि इंजिन चालल्याचे २६० तास. मैलांना तासांनी भागायचं, ही सहकाऱ्याची शिकवण. साडेचारच्याही आत आलं. ट्रेलवर चालणाऱ्या गाडीचं सात ते दहा येतं. इतकं खाली म्हणजे एक तर तासन् तास नुसती चालू ठेवलेली, नाहीतर चिखलात जागच्या जागी चाकं फिरवलेली.

मग सीट काढून एअरबॉक्स, म्हणजे हवेच्या फिल्टरचा डबा, उघडला. फिल्टर कोरा करकरीत, आजच घातलेला. पण डब्याच्या आतल्या भिंतीवर बोटभर उंचीवर एक सरळ करडी रेघ, खाली कोपऱ्यात सुकलेला गाळ. पाणी तिथवर येऊन थांबलं होतं. फिल्टरच्या पलीकडे, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत बोट फिरवलं तर बोटाला बारीक रेती लागली. ती रेती सिलिंडरमध्ये जाऊन काय करते ते वेगळं सांगायला नको. गाडी धुणारा माणूस एअरबॉक्सची आतली बाजू धूत नाही, म्हणून तिथे बघायचं. आभार मानून निघालो. चहासुद्धा मिळाला नाही, म्हणून परत येताना लँकेस्टरला कॉफी घेतली.

रविवार, १० मार्च

आज घड्याळ तासाने पुढे गेलं, त्यामुळे सकाळ बुडाली. दुपारी एक ४०० बघितली. गाडी वाईट नव्हती, भावही बरा, २,२००. अडलं कागदावर. ओहायोत एटीव्हीला टायटल, म्हणजे मालकीचा सरकारी कागद, लागतं, घरच्या कारला असतं तसं. टायटलवर नाव तिसऱ्याच कोणाचं तरी. विकणाऱ्याने ती दोन वर्षांपूर्वी घेतली आणि कर वाचवायला आपल्या नावावर केलीच नाही. "मी साध्या कागदावर विक्रीपावती लिहून देतो, सगळे असंच करतात." इथे टायटलवर विकणाऱ्याची सही नोटरीसमोर व्हावी लागते. ज्याचं नाव आहे तो माणूस सही करायला हवा, आणि तो आता फ्लोरिडात. आपण परदेशात राहणारी माणसं, कागदाच्या बाबतीत आपल्याला जरा जास्तच भीती असते आणि ती असावी. सोडली.

त्या निमित्ताने एक सवय लावली. जाण्याआधी फ्रेमवरच्या १७ अक्षरी नंबराचा फोटो मागवायचा आणि एनआयसीबी या विमा कंपन्यांच्या संस्थेच्या मोफत ऑनलाइन तपासणीत टाकून चोरीची नोंद आहे का ते बघायचं. तोच नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की रिकॉल, म्हणजे दोषामुळे कंपनीने काढलेली मोफत दुरुस्ती, बाकी आहे का तेही कळतं. फोटो पाठवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे जायचं पेट्रोलही वाचतं.

शनिवार, १६ मार्च

ही नोंद लांब होणार.

व्हिंटन काउंटीत एका शेतकरीबाबांकडे २०११ ची रँचर ४२०, एफएम, लाल. मागणी ३,६००. सहकारी सोबत आला. गाडी गोठ्याच्या बाजूच्या शेडमध्ये, न धुतलेली, मागच्या कॅरिअरवर गवताच्या काड्या. सकाळचा गारठा होता. इंजिनाला हात लावला, थंडगार. बाबा म्हणाले, "तुम्ही सांगितलंत ना सुरू करू नका, मग नाही केली."

आधी सुरू न करता बघून घेतली. २,१४० मैल, ३०५ तास, म्हणजे ताशी सात. कुंपणाच्या कडेने फिरणं, हरणाच्या हंगामात जंगलात जाणं, हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ लोटणं, एवढंच काम. बर्फाचा फाळ लावलेल्या गाडीची पुढची बाजू दमलेली असते, म्हणून तिथेच जास्त वेळ घालवला. बंपर धरून पुढची चाकं जॅकवर उचलली. चाक वर-खाली धरून हलवलं. उजवं घट्ट, डावं किंचित हललं. सहकाऱ्याने टॉर्च मारून दाखवलं, प्ले (ढिलेपणा) बेअरिंगमध्ये नाही, चाक वळतं त्या खालच्या बॉल जॉइंटमध्ये आहे. मग चाक डावी-उजवीकडून धरून हलवलं, चाक वळवणाऱ्या टाय रॉडची टोकं ठीक. अॅक्सलच्या सांध्यांवरचे चारही रबरी बूट (टोप्या) अखंड, कुठे ग्रीस उडालेलं नाही. एखादा फाटलेला असता तर आत माती जाऊन सांधा खाल्ला गेला असता, आणि वळताना कट् कट् आवाज आला असता.

खाली झोपून फ्रेम बघितली. गंज होता, जुना, सगळीकडे सारखा. मला हवा होता तसाच. एकाच जोडावर ताजा काळा रंग दिसला असता तर तिथे वेल्डिंग आहे का ते खरवडून बघितलं असतं. खालच्या पत्र्याला ओरखडे होते, पोचे नव्हते.

सीट उचलली, क्लिपा काढल्या. एअरबॉक्समध्ये धूळ, दोन पिसं, उंदराने आणून ठेवलेली भुईमुगाची अर्धी शेंग. फिल्टर काळा, तेलकट, बहुतेक वर्षभर न धुतलेला, पण जागेवर नीट बसलेला. त्याच्या पलीकडची नळी पांढऱ्या फडक्याने पुसली, फडकं कोरं आलं. सबंध तपासणीत मला सगळ्यात जास्त दिलासा त्या फडक्याने दिला.

इंजिन ऑइल काळं, पण पातळी बरोबर, जळका वास नाही, पाण्याचा अंश नाही. मागच्या गिअर केसचं तेल स्वच्छ. मग पुढच्या डिफरन्शिअलचा, म्हणजे पुढच्या चाकांना ओढ देणाऱ्या गिअरांच्या डब्याचा, तेल भरायचा बोल्ट काढून आत बारीक काडी घातली आणि काडीला जे लागलं ते दुधाळ, टपरीवरच्या चहासारखं. पाणी गेलेलं. बाबांनी चष्मा सरसावून बघितलं आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "हे मी कधी उघडलंच नाही हो."

मग सुरू केली. स्टार्टर एकदा फिरला आणि इंजिन लागलं. पहिल्या अर्ध्या मिनिटात पांढरी वाफ, नंतर काही नाही. निळा धूर नाही. बॅटरी बंद असताना साडेबारा व्होल्ट, रेस दिल्यावर सव्वाचौदा, म्हणजे चार्जिंग ठीक. पाचही गिअर, रिव्हर्स. फोर-व्हील टाकून सैल मातीत आठचा आकडा काढला. हँडल जड झालं, पुढची चाकं ओढताना जाणवली आणि डिफरन्शिअलमधून कुठलाही आवाज नाही. पुढचे डिस्क ब्रेक चांगले. मागचा ड्रम घासतोय, आवाज करतोय, पण धरतोय.

वाटाघाटी करताना आपल्याकडच्या सारखी घासाघीस इथे चालत नाही, पण सापडलेला दोष दाखवून बोललेलं चालतं. दुधाळ तेल आणि बॉल जॉइंट, दोन गोष्टी ठेवल्या. बॉल जॉइंट स्वस्त आहे. तेल दोनदा बदललं आणि सील बरं निघालं तर किरकोळ, नाहीतर अॅक्सल काढून सील बदलायचं काम. मी ३,००० म्हणालो, बाबा ३,३००, ३,१५० ला जमलं. टायटल त्यांच्याच नावावर, कपाटात पिशवीत घालून ठेवलेलं. गावातल्या बँकेत नोटरी शनिवारी बारापर्यंत असते, तिथे जाऊन सही झाली.

घरी फोन केला तर आईचा साताऱ्याहून आधीच हिला फोन आलेला, की नवं वाहन पाडव्याला घ्या, अमावास्येआधी कशाला. मी म्हटलं वाहन नवं कुठे आहे. पण तोडगा निघाला. ओहायोत टायटल आपल्या नावावर करायला ३० दिवस असतात. पाडवा ९ एप्रिलला. गाडी आज, नाव पाडव्याला. आईला पटलं.

भाड्याच्या ट्रेलरवर चढवताना सहकाऱ्याने हेल्मेट घालायला लावलं. हसू आलं, पण तो गंभीर होता. रॅम्प अर्ध्यावर सरकून गाडी माणसावर उलटी येते, असे अपघात होतात. पहिल्या गिअरमध्ये, सरळ, न थांबता. मग चार कोपऱ्यांना पट्टे आणि पार्किंग ब्रेक.

रविवार, २४ मार्च

गॅरेजमध्ये सबंध दिवस. इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलला. ऑइल मोटारसायकलचं, जासो एमए लिहिलेलं. क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, कारच्या तेलातल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी तो घसरू शकतो. एअर फिल्टर धुऊन, वाळवून, फोमचं तेल लावून बसवला. शेंग फेकली.

पुढच्या डिफरन्शिअलचं तेल काढलं. पाणी कुठून आलं हे कळल्याशिवाय नवं तेल भरण्यात अर्थ नव्हता. सील कोरडे दिसत होते. मग वर जाणारी व्हेंटची बारीक नळी काढली आणि फुंकली तर हवा जाईना. टोक कापून उघडलं तर आत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं. आता सगळं जुळलं. चालून डिफरन्शिअल तापतं, आतली हवा प्रसरण पावते आणि नळीतून बाहेर जाते. तापलेली गाडी ओढ्यात घातली की आतली हवा आकसते आणि परत हवा ओढते. नळी बंद असेल तर हवेऐवजी सीलच्या कडेने पाणी ओढलं जातं. म्हणजे सील शाबूत राहूनही आत पाणी जातं. हात-दीड हात नवी नळी टाकली, टोक हँडलजवळ उंच बांधलं. हायपॉइड गिअर ऑइल भरून दहा मिनिटं चालवली, काढलं, अजून थोडं दुधाळ होतं, पुन्हा भरलं.

मागचा ब्रेक ड्रम उघडायला सगळ्यात जास्त वेळ लागला. आत चिखल वाळून सिमेंट झालेला. लायनिंग निम्मी शिल्लक. साफ करून लावली.

टायरमध्ये हवा भरताना मजा. कारचा गेज इथे निरुपयोगी आहे, कारण या फुगीर टायरांत हवा असते चार-पाच पीएसआयच्या घरात. एका पौंडाचा फरक पडला तरी गाडी एका बाजूला ओढते. कमी दाबाचा वेगळा गेज आणला. किती भरायची ते मागच्या मडगार्डच्या स्टिकरवर लिहिलेलं आहे, टायरवरचा आकडा कमाल मर्यादेचा.

त्याच स्टिकरशेजारी दुसरा, दोन माणसांच्या चित्रावर काट मारलेला. आमचे चिरंजीव अकरा वर्षांचे. मागच्या कॅरिअरवर उशी टाकून बसायची त्यांची योजना तयार होती. ट्रिपल सीटच्या देशातून आलेल्या बापाला हे समजावणं अवघड जातं, पण ही एकट्याची गाडी आहे. चढावर मागे माणूस बसला की वजन मागच्या अॅक्सलच्या मागे जातं आणि पुढची चाकं उचलतात. चालवायलाही या आकाराची गाडी सोळा वर्षांखालच्यांना नाही, तेही स्टिकरवरच आहे. रुसवा चालू आहे.

शनिवार, ६ एप्रिल

एटीव्ही सेफ्टी इन्स्टिट्यूटचा कोर्स, अर्धा दिवस, स्वतःच्या गाडीवर. मी, दोन कॉलेजची पोरं आणि साठीच्या एक बाई, ज्या सगळ्यांत चांगल्या चालवत होत्या.

मोटारसायकलच्या सवयी इथे दोन ठिकाणी आड येतात. एक, गाडी कलली की आपला पाय आपोआप जमिनीला टेकायला जातो. इथे पाय खाली गेला की मागचं चाक त्यावरून जातं. पाय पायदानावर म्हणजे पायदानावरच. दुसरं वळण. मोटारसायकल कलते, ही कलत नाही. रँचरचा मागचा अॅक्सल अखंड आहे, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे गाडीला सरळच जायचं असतं. सीटवरून थोडं पुढे आणि वळणाच्या आतल्या बाजूला सरकून, हँडल वळवून, थ्रॉटल हलका ठेवून तिला पटवावं लागतं. याच कारणाने ती डांबरी रस्त्यावर चालवायची नसते. मातीत चाक घसरून जुळवून घेतं, डांबरावर घसरत नाही आणि गाडी उलटायला बघते.

चढावर इंजिन बंद पडलं तर काय करायचं, हे दोनदा करून घेतलं. ब्रेक धरायचा, वजन वरच्या बाजूला ठेवायचं, पार्किंग ब्रेक लावून चढाच्या बाजूने उतरायचं. तिथल्या तिथे वळवायला गेलं की आडवी लोळते.

मंगळवार, ९ एप्रिल, गुढीपाडवा

काल अमावास्या आणि सूर्यग्रहण. डेलावेअर गावापर्यंत जाऊन खग्रास बघितलं, येताना ट्रॅफिकमध्ये तीन तास. आज श्रीखंड-पुरी व्हायच्या आधी टायटल ऑफिस. फ्रँकलिन काउंटीचा विक्रीकर (२०२४ मध्ये साडेसात टक्के होता) खासगी व्यवहारावरही लागतो, ३,१५० वर २३६ डॉलर २५ सेंट, वर टायटलची फी. मग दुसऱ्या खिडकीवर तीन वर्षांची नोंदणी. हिने हँडलला हळद-कुंकू लावून फोटो साताऱ्याला पाठवला. आईचं उत्तर: "एवढी मोठी चाकं, आणि बसायला एकच जण?"

शनिवार, २० एप्रिल

मंडे क्रीक. रात्री पाऊस झाला होता, चिकण माती निसरडी. या भागात कोळशाच्या खाणी होत्या आणि जुन्या खाणींतून झिरपणाऱ्या लोहयुक्त आम्ल पाण्याने ओढ्यांचे दगड नारिंगी झालेत. गाडीही संध्याकाळपर्यंत त्याच रंगाची झाली.

सहकारी पुढे, मी मागे. दोन झाडांच्या मधून जाताना ५० इंचांचा नियम का आहे ते कळलं. रँचर ४६ इंचांच्या आसपास, तरी एकदा आरसा घासला. मुळांच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये दमली, पहिला टाकून फोर-व्हील घातलं आणि निघाली. उताराला ब्रेक जवळजवळ लागलाच नाही, पहिल्या गिअरनेच उतरवली. वाटेत एक मोठ्या इंजिनाची गाडी चढावर चाकं फिरवत खड्डा करत होती, चालवणारा माझ्याइतकाच नवा असावा. विंच लावून वर ओढली.

घरी आल्यावर पुढच्या डिफरन्शिअलचा बोल्ट काढून काडी घातली. तेल मधाच्या रंगाचं, स्वच्छ. डाव्या बॉल जॉइंटचा प्ले वाढलाय, जॉइंट मागवला.

रविवार, १२ मे

बॉल जॉइंट बसवला. जुना काढायला प्रेस टूल लागतं, सुट्या भागांच्या दुकानात अनामत भरून वापरायला मिळतं. लावून चाक हलवलं, घट्ट.

आजवरचा खर्च मांडला. गाडी ३,१५०, कर आणि कागद मिळून अडीचशेच्या वर, तेल, नळी, जॉइंट, गेज वगैरे १६०, डॉट (अमेरिकी वाहतूक खातं) शिक्क्याचं हेल्मेट आणि घोट्याच्या वरपर्यंतचे बूट २९०, ट्रेलर दोनदा. चार हजारांच्या थोडं आत. टायर यंदा चालतील, कडेला बारीक भेगा आहेत. पुढच्या वर्षीच्या खर्चात चार टायर धरलेत.

मे अखेरच्या मेमोरियल डेच्या सुट्टीत वेस्ट व्हर्जिनियाला हॅटफिल्ड-मॅकॉय ट्रेलवर जायचं चाललंय. २००० साली सुरू झालेल्या, कोळशाच्या डोंगरांतल्या हजारभर मैलांच्या वाटा, आणि आसपासच्या काही गावांत एटीव्ही थेट रस्त्यावरून पेट्रोल पंपापर्यंत नेता येते. परवाना आधी काढावा लागतो, हेल्मेट सक्तीचं. सोप्या वाटा हिरव्या, मधल्या निळ्या, अवघड काळ्या. आम्ही हिरव्या, जमलं तर एखादी निळी.

नागपूरकरांचाही फोन आला. एरीजवळ एक ७०० बघितलीय, "एकदम नवीन दिसते बे, मालकाने मस्त धुऊन ठेवलीय." शनिवारी मी येतोय म्हटलं, तोवर पैसे देऊ नकोस, आणि मालकाला सांग, आम्ही पोचेपर्यंत सुरू करू नका. टॉर्च, व्होल्टमीटर, पांढरं फडकं आणि जॅक पिशवीत भरून ठेवलंय.